शाळेबाहेरील शिक्षण, कुटुंब आणि आंतरजाल : कुरखेडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिक्षण आणि शाळा हे दोन शब्द आज जवळजवळ समानार्थी मानले जातात. इतिहासाकडे पाहिले असता मात्र सार्वत्रिक शाळा ही तुलनेने अलीकडची संस्था असल्याचे दिसते. घर, शेत, जंगल, कारागिराची ओसरी, कीर्तन आणि लोकनाट्य ही शिक्षणाची अधिक जुनी ठिकाणे होत. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून पुणे, मुंबई यांसारख्या शहरांतील काही कुटुंबांनी मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याचा मार्ग स्वीकारला. या पद्धतीस 'गृहशिक्षण' असे म्हटले जाते. आंतरजालावरील शैक्षणिक साधनांमुळे हा मार्ग पूर्वीपेक्षा सुकर झाला. मार्च २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि काही हजार कुटुंबांपुरता मर्यादित असलेला हा प्रश्न एकाएकी प्रत्येक घराचा प्रश्न बनला.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेडा या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिल्यास या प्रश्नाचे स्वरूप बदलते. येथील घरात झाडीबोली, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. धानाची शेती, मोहफुले आणि तेंदूपाने यांवर कुटुंबाचे वर्ष चालते. येथे घरात ज्ञान भरपूर आहे. परंतु ते पाठ्यपुस्तकात नाही. पाठ्यपुस्तकातील ज्ञान आंतरजालावर भरपूर आहे. परंतु ते घरात सहजी पोहोचत नाही. या दोन वास्तवांमधील अंतर कसे निर्माण झाले आणि शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना आधार कोणी द्यावा, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील गृहशिक्षणाच्या परंपरेचा आढावा घेणे.
२) चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशातील शाळेबाहेरील शिक्षणाच्या स्थानिक परंपरा समजून घेणे.
३) गृहशिक्षणाची कायदेशीर स्थिती आणि आंतरजालीय साधनांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

घरातील शिक्षणाची मराठी परंपरा :

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीशिक्षणाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात गृहशिक्षणाचा इतिहास आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले म्हणून समाजाचा रोष ओढवला आणि त्यांनी अरण्यात आश्रम थाटला. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकविले. रमाबाई कोणत्याही शाळेत न जाता पंडिता झाल्या. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी घरीच शिकविले आणि १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाई रानडे यांना घरात अक्षरओळख करून दिली, तेव्हा घरातील इतर स्त्रियांचा त्यांना विरोध सहन करावा लागला. या तिन्ही उदाहरणांत घर हीच शाळा होती, कारण शाळेचे दार बंद होते किंवा तेथवर जाणे समाजाला मान्य नव्हते.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्या घरात अक्षर होते, त्याच घरात अक्षर शिकविता येत होते. महात्मा जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना घरी शिकविले खरे. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन देताना त्यांनी सर्वसामान्यांसाठी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. शिक्षण घरावर सोपविले तर ते पिढ्यान्‌पिढ्या काही घरांतच राहील, ही जाणीव या मागणीमागे होती. म्हणून महाराष्ट्रात शाळा ही बहुजन समाजासाठी मुक्तीची संस्था ठरली. गृहशिक्षणाचा कोणताही विचार करताना हा इतिहास दृष्टिआड करता येत नाही.

विसाव्या शतकात या दोन टोकांमधील एक मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखविला. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे लक्षात घेऊन त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. मुलाच्या जीवनक्रमाप्रमाणे शाळेने बदलावे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पाश्चात्त्य देशांत इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये शाळाविहीन समाजाची कल्पना मांडली आणि जॉन होल्ट यांनी त्यानंतर गृहशिक्षणाचा पुरस्कार केला. त्याआधीच महाराष्ट्रातील आदिवासी भागात शाळेच्या चौकटीबाबतचा प्रश्न प्रत्यक्ष कामातून उभा राहिला होता, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशातील परंपरा :

ब्रिटिश काळात हा प्रदेश मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात समाविष्ट होता. जमीनदाऱ्यांच्या आणि राखीव जंगलांच्या या भागात शाळांचा प्रसार मंदगतीने झाला. १९२० च्या मध्य प्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. परंतु दुर्गम वनप्रदेशापर्यंत त्याचा परिणाम फारसा पोहोचला नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के होते. विरळ वस्ती, नद्या-नाले आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे शाळा आणि घर यांतील अंतर हा येथील शिक्षणाचा पहिला प्रश्न राहिला.

या प्रदेशात शाळा उशिरा आली, याचा अर्थ शिक्षण नव्हते असा नाही. गोंड समाजातील गोटूल ही तरुण मुला-मुलींना सामूहिक जीवन, श्रम, गाणी, नृत्य आणि समाजाचे नियम शिकविणारी संस्था होती. बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे या संस्थेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. झाडीपट्टीतील दंडार आणि पुढे विकसित झालेली झाडीपट्टी रंगभूमी ही लोकशिक्षणाचीच माध्यमे होत. कुरखेडा तालुक्यातील गुरनोली येथील ज्येष्ठ झाडीपट्टी कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धानाची कापणी झाल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकांतून कित्येक पिढ्यांनी भाषा, इतिहास आणि सामाजिक प्रश्न समजून घेतले.

मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना, बांधीत रोवणी करताना मूल मोठ्यांच्या सोबत असते. झाडांची ओळख, ऋतूंचा अंदाज, पुडक्यांची मोजणी, मजुरीचा हिशेब या गोष्टी ते कामातून शिकते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र या काळात केवळ 'गैरहजर' अशी नोंद होते. १९७२-७३ पासून राज्यात राबविण्यात आलेल्या आश्रमशाळा योजनेने अनेक आदिवासी मुलांना शिक्षणाची संधी दिली. परंतु निवासी स्वरूपामुळे मूल वर्षातील बराच काळ घर, बोली आणि जंगल यांपासून दूर राहू लागले. शाळेत गेले तर घरचे ज्ञान सुटते आणि घरी राहिले तर शाळेचे ज्ञान सुटते, अशी कोंडी येथील कुटुंबापुढे उभी राहिली.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक महत्त्वपूर्ण प्रयत्न धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावात झाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागातून तेथे ग्रामसभेच्या जोडीला 'अभ्यासगट' ही पद्धत रुजली. निर्णय ग्रामसभेने घ्यावा. परंतु त्याआधी विषयाचा अभ्यास गटाने करावा, बाहेरच्या जाणकारांना बोलवावे, कायदा वाचावा आणि चर्चा करावी, असे तिचे स्वरूप होते. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढा गावास सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे या स्वयंशिक्षणाचा मोठा वाटा होता. कुरखेडा येथे १९८४ पासून कार्यरत असलेल्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेनेही आरोग्य, महिला संघटन आणि ग्रामसभा सक्षमीकरण या क्षेत्रांत लोकांच्या ज्ञानाला आधार मानून काम केले. शाळेबाहेर शिकणे हे एकट्या कुटुंबाचे नव्हे तर गावाचे काम असू शकते, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

कायद्याची चौकट आणि गृहशिक्षण :

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यानुसार संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम १० नुसार पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. गृहशिक्षणाला कायद्यात स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. त्यामुळे गृहशिक्षण देणारी कुटुंबे एका संदिग्ध अवस्थेत राहिली.

व्यवहारात या कुटुंबांना मुक्त शिक्षणाचा आधार मिळाला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे नामकरण झाले. या संस्थेमार्फत शाळेत न जाता दहावी व बारावीच्या परीक्षा देता येतात. राज्य मंडळाच्या परीक्षेस १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची सोय महाराष्ट्रात जुनीच आहे. २०१७ मध्ये राज्यशासनाने मुक्त विद्यालय मंडळाची स्थापना करून पाचवी व आठवीच्या स्तरावरही हा मार्ग खुला केला. शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईतील एका विद्यार्थिनीस संगणक ऑलिम्पियाडमधील यशाच्या बळावर २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा गृहशिक्षणाची चर्चा मराठी वृत्तपत्रांतून मोठ्या प्रमाणात झाली.

वनप्रदेशात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' या नावाने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलांना स्वतःच्या भाषेत आणि संस्कृतीच्या आधारे शिकविणे हा तिचा हेतू होता. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने मान्यतेअभावी ही शाळा अनधिकृत ठरविली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू राहिल्यास प्रतिदिन दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याचे कलम २९ मात्र शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम बालकाची मातृभाषा असावे, असे सांगते; तसेच संविधानाच्या अनुच्छेद ३५० (क) मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची अपेक्षा व्यक्त केली आहे.

येथे एक विसंगती ठळकपणे जाणवते. शहरातील कुटुंब मुलाला घरी शिकविते तेव्हा तो पालकांच्या निवडीचा प्रश्न मानला जातो. जंगलातील गाव एकत्र येऊन आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकविते तेव्हा तो अनधिकृत शाळेचा प्रश्न बनतो. एकट्या कुटुंबाकडे कायदा काणाडोळा करतो. समूहावर मात्र त्याची नजर पडते. ज्या समाजात शिक्षण हे मुळातच सामूहिक आहे, त्याला या भेदाची झळ अधिक बसते.

आंतरजालीय साधने : उपलब्धता आणि मर्यादा :

मराठी भाषेत घरी शिकण्यासाठी उपयुक्त अशी साधने गेल्या दोन दशकांत लक्षणीय प्रमाणात निर्माण झाली. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ २००३ मध्ये झाला. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळांवर मोफत उपलब्ध झाले. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेशी संबंधित राहिलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनणारी विज्ञानखेळणी, लघुचित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. आगपेटीच्या काड्या, सायकलची जुनी ट्यूब, कागद एवढ्या साहित्यावर चालणारे हे प्रयोग गावातील मुलासही करता येतात. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले.

गोंडी भाषेसाठीचे प्रयत्न तुलनेने अलीकडचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. तथापि ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा' या उपक्रमात साध्या मोबाइलवरून दूरध्वनी करून आपल्या भाषेत बातमी किंवा गाणे ध्वनिमुद्रित करण्याची व ऐकण्याची सोय होती. 'स्टोरीविव्हर' या मुक्त बालसाहित्य व्यासपीठावर गोंडी भाषेतील गोष्टी उपलब्ध झाल्या. २०१७ व २०१८ मध्ये अनुक्रमे मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्यांचा युनिकोडमध्ये समावेश झाला. २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सुरू केलेल्या 'आदि वाणी' या भाषांतर प्रणालीत गोंडीला स्थान देण्यात आले.

महामारीच्या काळात या सर्व साधनांची कसोटी लागली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीनुसार ग्रामीण भारतात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांना आंतरजालाची सोय होती. ही देशाची सरासरी होय; दाट जंगलातील गावांची स्थिती त्याहून बिकट असणे स्वाभाविक आहे. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या घोषणेखाली भ्रमणध्वनीवर अभ्यासमाला पाठविण्यात आल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. म्हणजे मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल शाळेत परतले तेव्हा ते तिसरीत पोहोचले होते. अक्षरओळखीची वर्षे ज्यांच्या घरात अक्षर नव्हते अशा मुलांनी घरातच काढली. जोतीरावांनी १८८२ मध्ये व्यक्त केलेली भीती या काळात पुन्हा प्रत्ययास आली.

याच काळातील दोन प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहेत. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू केली. तीत वर्गातील व्याख्यानाऐवजी घरात व परिसरात करावयाच्या कृतींवर भर होता आणि त्यासाठी आंतरजालाची आवश्यकता नव्हती. दुसरे म्हणजे जून २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने घरातील शिक्षणात पालकांच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत अल्पशिक्षित किंवा निरक्षर पालकांना मदत कशी करावी, याचाही विचार करण्यात आला होता. निरक्षर पालक हाही शिक्षक असू शकतो, ही शासकीय पातळीवरील कबुली महत्त्वाची म्हटली पाहिजे.

कुरखेडा परिसरातील कुटुंबांना आधार :

वरील विवेचनाच्या आधारे कुरखेडा परिसराच्या संदर्भात काही बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, येथे शाळेबाहेर असलेले मूल बहुधा पालकांच्या वैचारिक निवडीमुळे बाहेर नसते. हंगामी काम, अंतर, भाषा किंवा आजारपण यांमुळे ते बाहेर असते. त्यामुळे गृहशिक्षणाचे शहरी प्रारूप येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांचे स्थलांतर करण्याचा निर्णय राज्यशासनाने जाहीर केला, तेव्हा शाळेचे अंतर वाढविणारा प्रत्येक निर्णय वनप्रदेशात गळतीला निमंत्रण देणारा ठरतो, हे निदर्शनास आणून देण्यात आले. म्हणून गृहशिक्षणाचा पुरस्कार हा शाळा बंद करण्याचे समर्थन ठरू नये, याची दक्षता घेतली पाहिजे.

दुसरी बाब म्हणजे साधन शोधणे, निवडणे आणि उतरवून घेणे हे काम प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे करणे येथे शक्य नाही. तालुक्याच्या ठिकाणी असलेले महाविद्यालय, सार्वजनिक ग्रंथालय किंवा ग्रामपंचायत यांनी मराठी व गोंडी साधनांचा संग्रह करून तो स्मृतिपत्रिकेवर अथवा छापील स्वरूपात गावात नेल्यास आंतरजालाच्या अभावावर काही प्रमाणात मात करता येईल. तेंदू हंगामातून ग्रामसभेला मिळणाऱ्या उत्पन्नाचा काही भाग या कामासाठी वळविणे, ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत त्यांना शक्य आहे.

तिसरी बाब अधिक मूलभूत आहे. आंतरजालावरील साधन हे बहुधा बाहेरून घरात येते. घरातून बाहेर जाणाऱ्या ज्ञानासाठी त्यात जागा अल्प असते. गावातील वृद्ध स्त्रीला ठाऊक असलेल्या रानभाज्या, बांधीतील धानाच्या जुन्या वाणांची नावे, दंडारीतील कथानके यांची नोंद मुलांनी केली तर ती त्यांच्या लेखनाचा अभ्यास ठरेल आणि झाडीबोली व गोंडीतील साधनांत भरही पडेल. अशा वेळी निरक्षर आजी ही मदतीची याचक न राहता माहितीचा स्रोत बनते.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रात गृहशिक्षणाची परंपरा जुनी आहे, मात्र ती अक्षर असलेल्या घरांपुरती मर्यादित राहिली. सार्वत्रिक शाळेची मागणी या मर्यादेतूनच जन्मास आली.

२) चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशात शाळेबाहेरील शिक्षणाचे स्वरूप कौटुंबिक असण्यापेक्षा सामूहिक होते. गोटूल, दंडार आणि अभ्यासगट ही त्याची वेगवेगळ्या काळातील रूपे होत.

३) विद्यमान कायदा एकट्या कुटुंबाच्या गृहशिक्षणाबाबत मौन बाळगतो, परंतु ग्रामसभेच्या शिक्षणप्रयत्नांना मान्यतेच्या निकषांवर अडवितो. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत मातृभाषेतील सामूहिक शिक्षणासाठी मान्यतेचे स्वतंत्र निकष असणे गरजेचे आहे.

४) मराठी व गोंडी भाषांतील आंतरजालीय साधने वाढत आहेत, परंतु मध्ये सहायक व्यक्ती वा संस्था नसेल तर ती अक्षर असलेल्या घरांतच पोहोचतात.

पंडिता रमाबाईंच्या घरी अरण्यात विद्या होती, कारण ती त्यांच्या आई-वडिलांनी सोबत नेली होती. कुरखेड्याच्या जंगलातील घरातही विद्या आहे; फक्त ती वेगळ्या प्रकारची आहे. या विद्येला मान देऊन तिच्या जोडीला अक्षर, गणित आणि बाहेरच्या जगाचे ज्ञान पोहोचविणे, हेच शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना दिलेले खरे साहाय्य ठरेल. ते साहाय्य शाळेला पर्याय म्हणून नव्हे, तर शाळा आणि घर यांतील अंतर कमी करण्यासाठी असावे, असे या अभ्यासावरून म्हणता येते.